लांब बारसाठी नवा चेनसॉ घेताना: आधी लाकूड मोजा, मग मशीन

जुना चेनसॉ गेला की आपण दुकानात जातो आणि विचारतो, "बावीस इंची बारचं मशीन केवढ्याला?" सुरुवातच उलटी होते. बार म्हणजे शेवटी एक पोलादी पट्टी. मागचे खाचे जुळले की ती कुठल्याही मशीनवर बसते आणि हवेत चेनही फर्रकन फिरते. ती पट्टी चिंचेच्या बुंध्यात टोकापर्यंत बुडाल्यावर चेन ओढायची ताकद मशीनमध्ये आहे का, हे मात्र दुकानात उभं राहून कळत नाही.

मला ते महागात पडून कळलं. पिरंगुटजवळ माझी छोटी कार्यशाळा आहे. वादळात पडलेली किंवा परवानगी घेऊन उतरवलेली झाडं आणायची आणि त्यांची बाकं, टेबलं करायची, असं काम. चार-पाच वर्षं सगळं ४५ सीसीच्या एका मशीनवर आणि १६ इंची बारवर निभावलं. मग एका पावसाळ्यात कोथरूडच्या एका सोसायटीत भलामोठा पर्जन्यवृक्ष आडवा झाला. मी २२ इंची बार आणि चेन विकत आणली आणि त्याच मशीनला लावली. पहिले दोन काप गेले. तिसऱ्यात चेन अडखळायला लागली, मी वरून जोर दिला, क्लचमधून धूर आला. तरीही संध्याकाळपर्यंत रेटलं. दुसऱ्या दिवशी दोरी ओढली तर आत काही अडतच नव्हतं, दाबच उरला नव्हता. मिस्त्रीने सायलेन्सर काढून पिस्टनवरचे उभे ओरखडे दाखवले आणि म्हणाला, "दादा, क्लचचा ड्रम निळा पडलाय बघा. याला ओढवत नव्हतं, तुम्ही ओढायला लावलं."

हा लेख त्या पर्जन्यवृक्षासमोर उभा असलेल्या माझ्यासारख्यांसाठी आहे. मशीन हातात धरलंय, चालवता येतं, पण बदली मशीन मोठ्या बारसाठी घ्यायचंय आणि आकड्यांच्या गर्दीत काय बघायचं ते कळत नाही.

पायरी १: घेर मोजा

झाडाची जाडी डोळ्यांनी नेहमी चुकते. टेप बुंध्याभोवती गुंडाळा आणि घेर फुटांत घ्या. त्याला ४ ने गुणलं की जाडी इंचांत मिळते. म्हणजे ६ फूट घेराचं झाड साधारण २४ इंच जाड. काटेकोर हिशोब केला तर २३ येतात, पण साल आणि फुगवटे धरता हा अंदाज कामाला पुरतो. वर्षभरात तुम्ही कापलेल्या आठ-दहा ओंडक्यांचे घेर आठवून वहीत लिहा. सर्वांत जाड ओंडका कोणता हे सगळेच सांगतात. दहांतले किती ओंडके खरोखर जाड होते, त्यावर मशीन ठरतं.

शेजारी लाकडाची जातही लिहा. वाळलेल्या सागाचं वजन घनमीटरला साधारण ६५० किलो असतं, बाभळीचं ८०० किलोच्या आसपास. गुलमोहर मऊ, त्यात कुठलंही मशीन वाघ वाटतं. जुन्या चिंचेचा गाभा, वाळलेली बाभूळ, शिसम, दोन उन्हाळे पडून राहिलेली निलगिरी, ही लाकडं मशीनची परीक्षा घेतात. परदेशातल्या तक्त्यांत अमुक सीसीला तमुक इंची बार असं लिहिलेलं असतं. त्यातला वरचा आकडा बहुधा ओल्या, मऊ लाकडासाठी असतो. आपल्याकडे त्यातला खालचा आकडा धरावा.

पायरी २: लांब बार खरंच लागतो का?

ही पायरी बहुतेकजण गाळतात, आणि हिच्यावरच सर्वांत जास्त पैसे वाचतात. आडव्या पडलेल्या ओंडक्याचे तुकडे पाडायचे असतील, तर बार ओंडक्याइतका लांब असायची गरज नसते. एका बाजूने कापून दुसऱ्या बाजूला जायचं किंवा ओंडका फिरवायचा. २० इंची बारने ३४-३५ इंची ओंडका असा दोन्ही बाजूंनी निघतो. कापात पाचर ठोकत राहायचं, म्हणजे बार चिमटत नाही.

लांब बार खरा लागतो तो दोनच कामांना. पहिलं, जिथे दुसऱ्या बाजूला जाताच येत नाही. भिंतीला टेकलेला बुंधा, ओढ्याच्या उतारावर पडलेलं झाड. दुसरं, फळ्या पाडणं. बारला चौकट लावून ओंडका लांबीत चिरायचा असेल, तर बार फळीच्या रुंदीपेक्षा बराच जास्त हवा, कारण चौकटीच्या पकडी दोन्ही टोकांची मिळून पाच-सहा इंच लांबी खातात. २४ इंच रुंद फळीला ३० इंची बार धरून चला.

वर्षातून एखाद्या वेळीच जाड झाड येत असेल, तर २० इंची बारचं दमदार मशीन घ्या आणि त्या एका झाडासाठी मोठं मशीन असलेल्या माणसाला बोलवा. यात कमीपणा काही नाही.

उभं झाड पाडण्याबद्दल मी इथे मुद्दाम लिहीत नाही. बारपेक्षा जाड झाड दोन बाजूंनी पाडणं हे अनुभवी माणसाच्या शेजारी उभं राहून शिकायचं काम आहे.

पायरी ३: इंचाला दीडशे वॅट

आता मुख्य गोष्ट. खोक्यावर सीसी मोठ्या अक्षरांत असतं आणि किलोवॅट बारीक अक्षरांत, कधी कधी नसतंच. तुम्हाला हवा आहे तो बारीक अक्षरांतला आकडा.

सीसी म्हणजे सिलिंडरची जागा. त्या जागेतून किती ताकद निघते हे पिस्टन, पोर्ट, कार्बोरेटर आणि इंजिनाच्या फेऱ्यांवर ठरतं. बाजारात ५८ सीसीची स्वस्त मशीनं २२ इंची बारसकट मिळतात. त्यांच्या माहितीपत्रकावर बहुधा २.२ ते २.६ किलोवॅट छापलेलं असतं. स्टिल कंपनीचं एमएस ३६२ हे ५९ सीसीचं, हस्कवर्ना कंपनीचं ५६२ एक्सपी जवळपास ६० सीसीचं. दोन्ही ३.५ किलोवॅट देतात. सीसी तेच, ताकद दीडपट. आणि अशा मशीनला उत्पादक नेहमीच्या कामासाठी १८-२० इंचांच्या आसपास बार सुचवतात, हे लक्षात घ्या.

मी माझ्यापुरता एक हिशोब ठेवला आहे: आडव्या कापासाठी बारच्या दर इंचाला किमान १५० वॅट. २० इंची बारला ३ किलोवॅट, २४ इंचीला ३.६, २८ इंचीला ४.२. हा कुठल्या पुस्तकातला नियम नाही. चांगली चालणारी मशीनं आणि त्यांवर रोज लागणारे बार यांचे आकडे मांडले तेव्हा तो हाती आला. माझं जुनं मशीन २.३ किलोवॅटचं. १६ इंची बारवर इंचाला १४४ वॅट, म्हणून चाललं. २२ इंची लावल्यावर तेच १०५ वर आलं आणि बसलं.

यामागचं कारण साधं आहे. बार जितका लाकडात, तितके जास्त दात एका वेळी लाकूड ओरबाडत असतात. ताकद पुरली नाही की इंजिनाच्या फेऱ्या पडतात. हा क्लच फेऱ्यांच्या जोरावर धरतो, त्यामुळे फेऱ्या पडल्या की तो घसरतो, ड्रम तापतो, आणि त्याच्या शेजारी असलेलं तेलपंपाचं प्लास्टिकचं चाक वितळू शकतं. इंजिन थंड ठेवणारा पंखाही त्याच दांड्यावर फिरतो. म्हणजे ज्या क्षणी मशीन सर्वांत जास्त तापतं, त्याच क्षणी त्याला वारा सर्वांत कमी मिळतो.

हिशोब मशीनांवर बसवून बघू.

३०-३२ सीसीची १.३ ते १.५ किलोवॅटची मशीनं फांद्यांसाठी, १२-१४ इंची बारवर. ४५ सीसीची २.३ किलोवॅटवाली, उदाहरणार्थ एमएस २५०, १६ इंचीवर सुखात. लांब बारची खरी सुरुवात ७० सीसीच्या गटापासून होते. एमएस ३८२ हे ७२.२ सीसीचं आणि ३.९ किलोवॅटचं, हस्कवर्ना ३७२ एक्सपी ७०.७ सीसीचं आणि ताकदीला तितकंच. या गटावर २४ इंची बार रोज आणि २८ इंची कधीमधी. ३० ते ३६ इंची बारसाठी ९० सीसीचा गट: एमएस ६६१ म्हणजे ९१.१ सीसी, ५.४ किलोवॅट, ३९५ एक्सपी म्हणजे ९३.६ सीसी, ४.९ किलोवॅट. त्याच्याही वर एमएस ८८१, १२१.६ सीसी आणि ६.४ किलोवॅट. ते फळ्या पाडणाऱ्यांचं मशीन.

फळ्या पाडायच्या असतील तर इंचाला २०० वॅट धरा. लांबीत चिरताना मशीन एकेका फळीला कित्येक मिनिटं पूर्ण थ्रॉटलवर राहतं. मध्ये उसंत नसते, म्हणून शिल्लक ताकद लागते.

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. दर १०० मीटरला या इंजिनांची ताकद एक टक्क्याच्या आसपास घटते. इथे पाच टक्के गेले, महाबळेश्वरकडे काम असेल तर आणखी. आकडा अगदी काठावर बसत असेल तर एक पायरी वरचं मशीन घ्या.

विजेवरच्या आणि बॅटरीच्या मशीनांचा विचार लांब बारसाठी तूर्त सोडा. बागेच्या कामाला ती छान आहेत.

पायरी ४: चेनचे तीन आकडे

बदली मशीन घेताना जुने बार-चेन चालतील असं गृहीत धरू नका. बारच्या शेपटीची खाच, तिची रुंदी आणि तेलाच्या भोकाची जागा मशीनप्रमाणे बदलते. जुना बार दुकानात घेऊन जा आणि लावूनच बघा.

चेन तीन आकड्यांनी ओळखतात. पिच, म्हणजे सलग तीन रिव्हेटांमधल्या अंतराचा अर्धा भाग, इंचांत. गेज, म्हणजे बारच्या खोबणीत बसणाऱ्या दाताची जाडी. आणि खालच्या दातांची संख्या. लहान मशीनांना बहुधा ३/८ लो प्रोफाइल किंवा .३२५ पिच असतं, ७०-९० सीसीला पूर्ण ३/८, आणि अजून मोठ्यांना .४०४. मोठ्या ३/८ पिचमध्ये २० इंची बारला साधारण ७२ आणि २४ इंचीला ८४ दात येतात, तरी खात्री बारवर कोरलेल्या आकड्यानेच करायची. लहान मशीनवर मोठ्या पिचची चेन चढवली, तर ती रुंद काप पाडते आणि आधीच अपुरी असलेली ताकद आणखी खाते.

लांब बारवर एक गोष्ट मात्र फार उपयोगी पडते, ती म्हणजे स्किप चेन, म्हणजे कटर (लाकूड कापणारे वरचे दात) दूर दूर बसवलेली चेन. खालचे ८४ दात असलेल्या नेहमीच्या चेनवर ४२ कटर असतात, पूर्ण स्किपवर २८. एक तृतीयांश कटर कमी, म्हणून ओढायला हलकी. मधल्या मोकळ्या जागेतून भुसाही बाहेर पडतो. जाड लाकडात भुसा अडकणं ही निम्मी डोकेदुखी असते. धार लावायलाही २८ च कटर. २४ इंचांच्या पुढे मी तीच लावतो. फांद्यांच्या कामाला नको, तिथे ती आपटते.

पायरी ५: तेलपंप

लांब बारच्या टोकापर्यंत तेल पोचलं नाही तर ताकद असून उपयोग नाही. कोरडा बार निळा पडतो आणि चेन ताणून लांबते. मशीन बघताना दोन गोष्टी विचारा: पंपाला कमी-जास्त करायचा स्क्रू आहे का, आणि हा बार त्या मशीनच्या माहितीपुस्तकात दिलेल्या लांबीत बसतो का. पुस्तकातली कमाल लांबी ताकदीइतकीच पंपावरही ठरलेली असते.

दुकानात सोपी चाचणी होते. बारचं टोक पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर वीतभर अंतरावर धरा, थ्रॉटल द्या. काही सेकंदांत पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. कामावरची चाचणी याहून पक्की. पेट्रोलची टाकी संपली तेव्हा तेलाची टाकीही तळाला आलेली असावी. तेल अर्धं शिल्लक असेल तर वाट तुंबली आहे किंवा पंप कमी पडतोय. आणि गाडीतून काढलेलं जळकं तेल कृपा करून यात ओतू नका. त्यातले लोखंडाचे कण पंप खातात आणि ते सगळं शेवटी मातीत जातं.

पायरी ६: वजन आणि ब्रेक

७० सीसीचं मशीन बार-चेनशिवाय सहा किलोंच्या पुढे असतं, ९० सीसीचं साडेसात-आठच्या आसपास. त्यावर लांब बार, चेन, पेट्रोल आणि तेल. सकाळी हलकं वाटतं, जेवणानंतर वाटत नाही. दुकानात भरलेलं मशीन कमरेच्या उंचीवर पाच मिनिटं धरून उभे राहा, मगच हो म्हणा.

चेनब्रेक, म्हणजे चेन झटक्यात थांबवणारा ब्रेक, नसलेलं मशीन घेऊ नका. स्टिलच्या जुन्या ०७० घाटाची मशीनं अजून फिरतात. १०० सीसीच्या वरची आहेत, ओढतातही जबरदस्त, पण त्यांना चेनब्रेक नसतो. बारच्या टोकाची वरची कड कशाला लागली की मशीन उसळून तोंडाकडे येतं. लांब बारचं टोक ओंडक्याच्या पलीकडे असतं, तुम्हाला दिसतच नाही, म्हणून हा धोका इथे जास्त. सात दातांच्या ३/८ स्प्रॉकेटवर (चेन फिरवणारं दातेरी चाक) मिनिटाला १०,००० फेऱ्यांना चेन सेकंदाला २२ मीटर धावते. त्या वेगापुढे आपल्याला हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही.

हेल्मेट, जाळी, कानाची टोपणं, चेन अडवणारी पँट आणि जाड बूट यांचे पैसे मशीनच्या किमतीतच धरा. ते जमत नसेल तर मशीन पुढच्या महिन्यात घ्या.

पायरी ७: पुण्यात कुठे बघायचं

सुटे भाग, कानशी, चेन यांसाठी रविवार पेठेतली बोहरी आळी पालथी घाला. मशीनची खरी माहिती मात्र भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात मिळते, वखारींवरच्या कामगारांकडून. कुठलं मशीन रोज आठ तास चालतं, त्याचा पिस्टन-सिलिंडर दोन दिवसांत मिळतो का, कोण मिस्त्री ते नीट उघडतो, हे तिथे विचारा. डिसेंबरात मोशीला किसान प्रदर्शन भरतं, तिथे वेगवेगळ्या कंपन्यांची मशीनं एकाच दिवशी हातात धरून बघता येतात. घाई नसेल तर त्याची वाट बघा.

जुनं मशीन घेत असाल तर सायलेन्सर काढून पिस्टन बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. उभे ओरखडे दिसले की विषय संपला. दाब मोजायचं मीटर मिळालं तर १५० पीएसआयच्या आसपास आकडा हवा. नावाजलेल्या मशीनांच्या हुबेहूब नकलाही विकल्या जातात. अधिकृत विक्रेत्याचं पक्कं बिल आणि मशीनवर कोरलेला क्रमांक जुळवून घ्या.

आणि एक: मशीन आपलं असलं तरी शहरातलं झाड आपल्या मर्जीचं नसतं. १९७५ च्या झाडांच्या संरक्षण अधिनियमानुसार स्वतःच्या अंगणातल्या झाडालाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. रस्त्यावर पडलेल्या झाडासाठी आधी अग्निशमन दलाच्या १०१ ला फोन करा.

पायरी ८: पहिले काही दिवस

नवं मशीन आणल्या दिवशीच जाड ओंडक्यावर नेऊ नका. पहिल्या चार-पाच टाक्या २० इंची बारवर, मध्यम लाकडात. उत्पादक सांगेल तेच तेल आणि तेच प्रमाण. ५०:१ म्हणजे ५ लिटर पेट्रोलला १०० मिली तेल. काही उत्पादक दुसऱ्या तेलासाठी २५:१ सांगतात, म्हणजे तेच २०० मिली. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा शोषतं. म्हणून मिश्रण लागेल तेवढंच करा, महिन्याच्या वर ठेवू नका. काम थांबणार असेल तर टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

मग लांब बार चढवा आणि कापताना कान इंजिनाकडे ठेवा. आवाज खाली बसायला लागला की दाब काढा, फेऱ्या परत वर येऊ द्या. बोटभर लांबीचे नसले तरी जाडसर, हाताला चुरचुरणारे कपचे पडत असतील तर सगळं जमलं आहे. पिठासारखा भुसा पडत असेल तर मशीनला दोष देण्याआधी कानस काढा. मोठ्या ३/८ चेनला ५.२ किंवा ५.५ मिलिमीटरची गोल कानस लागते. शहरातल्या झाडांत खिळे, तारा, जाहिरातींच्या पट्ट्यांचे स्क्रू सालीखाली बुजलेले असतात. एक खिळा लागला की अख्खी चेन बोथट. मी आता धातू शोधणारं छोटं यंत्र आधी बुंध्यावरून फिरवतो.

माझ्याकडे सध्या ७० सीसीच्या गटातलं मशीन आहे. त्यावर वर्षभर २० इंची बार असतो. २८ इंची बार आणि त्याची स्किप चेन तेल लावून भिंतीवर टांगलेली असते. या पावसाळ्यात ती तीनदाच खाली उतरली.